गाडीत जीपीएस ट्रॅकर स्वतः बसवणे: मॉड्यूल, वायरिंग, सिम, सर्व्हर (पुणे)

भोसरीकर
दोन छोटे मालवाहू टेम्पो आणि घरची एक कार, तिन्ही १२ व्होल्टवाल्या. फेऱ्या भोसरी, चाकण, रांजणगाव, आणि अधूनमधून ताम्हिणीतून माणगाव. तयार ट्रॅकरचं दरवर्षीचं भाडं नको आहे, सर्व्हर स्वतःचा चालवायची तयारी आहे. ईएसपी३२ बोर्ड (नियंत्रक), निओ-६एम जीपीएस आणि सिम८००एल (मोबाइल नेटवर्कचा मॉडेम) अशी जोडणी टेबलावर नीट चालते. गाडीत नेली की मॉडेम सारखा रीस्टार्ट होतो, आणि जीपीएसला फिक्स (जागेचा ठाव) कधी मिळतो, कधी मिळत नाही. मॉड्यूल बदलू की वायरिंग? जाणकारांनी कृपया पायरीपायरीने सांगावे.

सोल्डरबाबा
मॉड्यूल बदलायच्या आधी वीजपुरवठा बघा. अशा जोडणीत दहातले नऊ बिघाड जीपीएसचे नसतातच, ते पुरवठ्याचे आणि अँटेना कुठे ठेवली त्याचे असतात.

सिम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. टूजीवर पाठवताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. तो झटका अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. बारीक जंपर आणि ब्रेडबोर्डचे संपर्क यांत तेवढ्यात अर्धा व्होल्ट सहज पडतो, मॉड्यूल ३.४ च्या खाली जातं आणि बंद होऊन पुन्हा सुरू होतं. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे त्यावर सगळं छान ४.० दिसत राहतं. टेबलावर सिग्नल चांगला असल्याने मॉडेम कमी ताकदीने पाठवत होता. गाडीच्या पत्र्याच्या डब्यात त्याला पूर्ण जोर लावावा लागतो.

उपाय: एलएम२५९६ बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारा) मॉडेम जोडण्याआधीच ४.० व्होल्टवर लावून घ्या. त्या बोर्डावरचा पोटेंशिओमीटर बरेच फेरे फिरवल्यावरच हलायला लागतो, घाई करू नका. मॉड्यूलच्या पिनांना अगदी चिकटून १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर आणि सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. वायर जाड आणि बोटभर लांबीची. ब्रेडबोर्ड गाडीत नाहीच, सगळं झिरो बोर्डवर सोल्डर करा.

आणि त्याच ४ व्होल्टवर ईएसपी३२ ची ५ व्होल्टची पिन जोडू नका. बोर्डावरच्या रेग्युलेटरलाच एक व्होल्टाच्या आसपास फरक लागतो, म्हणजे चिपला २.९ च पोचतात आणि तो ब्राउनआउट (पुरवठा कमी पडून बंद) होऊन पुन्हा सुरू होतो. त्याच्यासाठी ५ व्होल्टचा वेगळा बक घ्या.

दिव्याकडे लक्ष ठेवा. सिम८००एलचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर नेटवर्क शोधतोय, तीन सेकंदांनी लुकलुकला की नोंदणी झाली. जलद, जलद, जलद आणि मग एकदम विझून पुन्हा तेच, असं चक्र दिसलं तर पुरवठा पडतोय, सिमला दोष देऊ नका.

घाटमाथा
वरच्याला +१, पण नवीन जोडणी करताय तर सिम८००एल मुळात नकोच. तो फक्त टूजी. जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे जिओचं सिम त्यात कधीच चालणार नाही. एअरटेल आणि व्हीआयवर आज चालेल, पण पुढच्या पाच वर्षांसाठी बसवायची वस्तू त्यावर का बेतायची? ए७६७०सी किंवा क्वेक्टेल ईसी२००यू यासारखा फोरजी कॅट-१ मॉडेम घ्या. घेताना बँडची यादी वाचा. जिओसाठी ३, ५ आणि ४० लागतात. ए७६७०ई दिसायला तसाच असतो, पण तो युरोपसाठीचा, त्यात ४० नाही. दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेले असतात, शेवटचं अक्षर बघून घ्या.

नुसतं मॉड्यूल घेतलंत तर त्याच्या सिरीयल पिना १.८ व्होल्टच्या असतात, ईएसपी३२ च्या ३.३ ला थेट जोडायच्या नाहीत. लेव्हल शिफ्टर असलेला तयार बोर्ड घ्या आणि पुरवठा किती मागतो तेही त्याच्याच कागदावर बघा. काही ५ व्होल्ट घेतात, काही सरळ ४ च्या आसपास मागतात.

मॉडेम सुरू झाल्यावर एटी कमांडने (सिरीयलवरून मॉडेमला द्यायचे आदेश) क्रमाने तीन गोष्टी तपासा. एटी+सीपिन? ला रेडी यायला हवं. एटी+सीएसक्यू (सिग्नलची ताकद) चा आकडा ० ते ३१ मध्ये येतो, ९९ म्हणजे काहीच कळत नाही. आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम मिळतात. १० आला तर उणे ९३, काम चालतं. ६-७ वर ताम्हिणीत काही जाणार नाही. तिसरं एटी+सीआरईजी? (नेटवर्कवर नोंदणी), त्यात ०,१ किंवा रोमिंगचं ०,५ हवं. फोरजी मॉडेमला एटी+सीईआरईजी? पण विचारा. हे झाल्याशिवाय एपीएनच्या (इंटरनेट जोडणीसाठी मॉडेममध्ये घालायचं नाव) मागे लागू नका. एपीएन साध्या जिओ सिमला जिओनेट. एमटूएम, म्हणजे यंत्रांसाठीचं सिम घेतलं (ज्याचा नंबर १३ आकडी असतो) तर एपीएन पुरवठादार देईल तोच, साधा तिथे चालत नाही.

नळस्टॉप
आता फिक्सबद्दल.

उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट वेगाने पाठवतो. एका उपग्रहाची कक्षा आणि घड्याळ कळायला ३० सेकंदांची चौकट लागते, आणि मध्ये सिग्नल तुटला तर रिसीव्हरला पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. असे किमान चार उपग्रह हवेत. म्हणून थंड मॉड्यूल लावून लगेच गाडी काढली, झाडांखालून आणि उड्डाणपुलांखालून निघालात, तर पाच-दहा मिनिटं फिक्स येत नाही. तीच गाडी मोकळ्यावर दोन मिनिटं उभी ठेवली तर येतो. मॉड्यूल बिघडलेलं नसतं.

ही माहिती साधारण चार तास कामाची असते. निओ-६एमच्या बोर्डावर छोटी बॅकअप बॅटरी असते, ती जिवंत असेल तर चहाच्या थांब्यानंतर फिक्स काही सेकंदांत येतो. स्वस्त बोर्डांवर ती बऱ्याचदा मेलेलीच असते. परीक्षा सोपी: फिक्स आल्यावर एक मिनिट पुरवठा काढा, परत लावा. पुन्हा पूर्ण वेळ लागला तर बॅटरी गेली.

अँटेना: २५ मिलिमीटरचा चौकोनी सिरॅमिक तुकडा, त्याची चांदीची पट्टी असलेली बाजू आकाशाकडे. उलटी चिकटवली तरी थोडेसे उपग्रह दिसतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. जागा डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, काचेच्या जवळ. पत्र्याखाली नाही. काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर तिच्याखालीही नाही. मॉडेमच्या अँटेनापासून किमान वीतभर लांब. आणि लायटरमधला स्वस्त यूएसबी चार्जर आणि डॅशकॅम यांच्या वायरीपासून दूर. चार्जर काढल्यावर उपग्रह ४ वरून ९ झाले तर आणखी काय पुरावा हवा?

नळस्टॉपसारख्या ठिकाणी खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्या वर मेट्रो. तिथे गाडी पुलावर आहे की खाली, हे जीपीएसवरून ठरवायला जाऊ नका. उंचीतली चूक पुलाच्या उंचीएवढी असते. पेठांतल्या गल्ल्यांत भिंतींवरून परावर्तित सिग्नल येतो आणि ठिपका शेजारच्या वाड्यात जाऊन बसतो. निओ-६एमला फक्त अमेरिकी जीपीएस ऐकू येतं. निओ-एम८एन एकाच वेळी रशियाचं ग्लोनासही वापरतो, गल्लीत तेवढ्याने बराच फरक पडतो.

कर्वेनगरी
नाविक (भारताची उपग्रह प्रणाली) वापरता येईल का यात? आपलं स्वतःचं असताना.

नळस्टॉप
निओ-६एम आणि एम८एनमध्ये नाही. नाविकचे आधीचे उपग्रह एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) आणि एस बँडवर बोलतात, आणि साधी अँटेना एल-१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) साठी असते. २०२३ च्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून एल-१ वरही सिग्नल आहे, पण त्यासाठी रिसीव्हरला तो समजायला हवा. नाविक हवं असेल तर क्वेक्टेल एल८९ सारखं मॉड्यूल आणि एल-१, एल-५ दोन्हीची अँटेना घ्या.

टुरिस्टवाला
माझी टुरिस्ट परमिटची गाडी आहे. हीच जोडणी पासिंगला चालेल का?

सोल्डरबाबा
नाही. प्रवासी परमिटच्या गाड्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम १२५एच लागू होतो आणि त्यासाठी एआयएस-१४० प्रमाणित यंत्रच लागतं. ते मानक आपल्याच वेताळ टेकडीवरच्या एआरएआयने (वाहन संशोधन संस्था) प्रसिद्ध केलेलं आहे. त्यात संकटकाळी दाबायचं बटण, पक्कं बसवलेलं सिम, नाविक, स्वतःची बॅटरी, नेटवर्क नसताना ४०,००० नोंदी साठवायची सोय, हे सगळं आहे. घरी केलेलं यंत्र कितीही चांगलं असलं तरी तिथे त्याला किंमत नाही. दुचाकी आणि तीनचाकीला हा नियम नाही. भोसरीकरांचे टेम्पो मालवाहू आहेत, कार खाजगी आहे, त्यामुळे त्यांचा प्रश्न वेगळा.

घाटमाथा
सॉफ्टवेअरकडे येऊ. इथे तीन-चार चुका इतक्या नेहमीच्या आहेत की लक्षणावरून चूक सांगता येते.

गाडी शिवाजीनगरात आणि नकाशावर तोरण्याच्या पलीकडे, रायगडाच्या अलीकडे दिसते: अंश आणि मिनिटांचा घोळ. मॉड्यूल १८३१.२२४० असं पाठवतं. त्याचा अर्थ १८ अंश, ३१.२२४० मिनिटं. मिनिटांना ६० ने भागून १८.५२०४ होतात. कोणी नुसता दशांश चिन्ह सरकवून १८.३१२२ केलं, रेखांश ७३५१.४०२० चंही तसंच केलं, की गाडी चाळीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला जाते. टायनीजीपीएस प्लस लायब्ररी वापरली तर हे आपोआप होतं.

गाडी आफ्रिकेजवळच्या समुद्रात: फिक्स नसताना शून्य, शून्य पाठवताय. जीपीएस पाठवतो त्या आरएमसी ओळीत ए असेल तरच घ्या, व्ही असेल तर सोडून द्या.

रोजचा अहवाल पहाटे साडेपाचला तुटतो: जीपीएसची वेळ यूटीसी असते. साठवताना यूटीसीच ठेवा, साडेपाच तास फक्त दाखवताना मिळवा. दोन्हीकडे मिळवले की गाडी भविष्यात पळते.

गाडी नव्या कात्रज बोगद्याच्या तोंडाशी थांबलेली दिसते, वेग मात्र ६०: हा टायनीजीपीएस प्लसचा सापळा. एकदा फिक्स आला की लोकेशनचं इझव्हॅलिड (जागा वैध आहे का) कायम 'ट्रू' असंच सांगतं. ते शेवटची जागा देत राहतं. एज (नोंद किती जुनी आहे) बघा, दोन सेकंदांपेक्षा जुनी असेल तर ती नोंद नवीन म्हणून पाठवू नका.

उभी गाडी रात्रभर अंगणात फिरते आणि सकाळी दोन किलोमीटर रनिंग दाखवते: इग्निशन बंद असेल तर शेवटचा बिंदू गोठवा. चालू असताना ५ पेक्षा कमी उपग्रह किंवा एचडॉप (जागेतल्या संभाव्य चुकीचा निर्देशांक) २.५ च्या वर असेल तर बिंदू टाकून द्या.

जोडणी: जीपीएसची टीएक्स ईएसपी३२ च्या १६ वर, मॉडेम २६-२७ वर, जीपीएसचा वेग ९६००. रोव्हर प्रकारचा ईएसपी३२ असेल तर १६-१७ वापरू नका, त्या पिना आतल्या जास्तीच्या मेमरीला दिलेल्या असतात. बोर्ड सुरूच होणार नाही आणि तुम्ही दिवसभर जीपीएसला शिव्या घालाल.

चिंचवडी
सर्व्हर: ट्रॅककार (Traccar) हे ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर वापरा, मुक्त स्रोत आहे. तीन गाड्यांना १ जीबी रॅमचा छोटा भाड्याचा सर्व्हर भरपूर. घरच्या ब्रॉडबँडवर चालवायचा बेत असेल तर आधी कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक आयपी आहे का ते पाहा. बहुतेकांना नसतो, अनेक घरं एकाच आयपीमागे असतात आणि बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही.

वेबसाठी पोर्ट ८०८२. स्वतःच्या यंत्रासाठी ऑसमँड पद्धत सगळ्यात सोपी, पोर्ट ५०५५. साध्या एचटीटीपी विनंतीत आयडी, अक्षांश, रेखांश, वेळ, वेग एवढं घालायचं. वेग नॉटमध्ये जातो हे विसरलात तर ६० ची गाडी १११ दाखवेल, कारण नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर. आधी ट्रॅककारमध्ये गाडी नोंदवा, आयडी आयएमईआयच ठेवा. न नोंदवलेल्या आयडीला ४०० उत्तर येतं, ते पाहून लोक कोड उसवत बसतात. फायरवॉलमध्ये ५०५५ उघडा, ८०८२ मात्र थेट जगाला उघडं ठेवू नका, पुढे एचटीटीपीएस लावा. तयार चिनी ट्रॅकरपैकी जीटी०६ पद्धतीचा कुठला जोडायचा झाला तर त्याचं पोर्ट ५०२३.

डेटा: एचटीटीपीने एक नोंद साधारण ५०० बाइट. दर १० सेकंदांनी, दिवसाला ८ तास गाडी चालली तर २,८८० नोंदी, म्हणजे दीड एमबीच्या आत. महिन्याला ४०-४५ एमबी. मोठा प्लॅन घेऊ नका.

ताम्हिणीसाठी साठवण करा. ४० बाइटची एक नोंद धरली तर दोन तासांच्या ७२० नोंदी ३० केबीतही मावतात, ईएसपी३२ च्या फ्लॅशमध्ये भरपूर जागा आहे. पण प्रत्येक नोंदीला फ्लॅशवर लिहू नका, ती झिजते. रॅममध्ये तीसेक जमवा आणि एकदम लिहा. सर्व्हरकडून २०० उत्तर आल्यावरच नोंद पुसायची, पाठवली म्हणजे पोचली असं धरायचं नाही. नेटवर्क परत आलं की आधी ताजी जागा, मग मागच्या नोंदी. ट्रॅककार अहवालात त्या वेळेप्रमाणे लावून घेतो.

सोल्डरबाबा
गाडीच्या बाजूची वायरिंग राहिली.

बॅटरीचं कायमचं १२ व्होल्ट, इग्निशनची वायर आणि अर्थ. तीनच. कायमचं १२ फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने घ्या, २ अँपिअरचा वेगळा फ्यूज. मूळ वायरला ब्लेडने सोलून टेप गुंडाळणं नाही, पावसाळ्यात तिथेच हिरवं होतं. अर्थ चॅसिसवर, रंग खरवडून, रिंग टर्मिनलने. स्टिअरिंगखालच्या कुठल्याही स्क्रूला दिलेला अर्थ अर्थ नसतो. टर्मिनल, फ्यूज टॅप, रिले नाना पेठेत मिळतील, इलेक्ट्रॉनिक्स तापकीर गल्लीत (गाडी लांब लावून चालत जा).

फ्यूजनंतर उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड, मग एसएमबीजे२४ए टीव्हीएस (व्होल्टेजचा झटका शोषणारा डायोड). बॅटरीचं टर्मिनल ढिलं होऊन अल्टरनेटर सुटला की क्षणभर कितीतरी पट व्होल्टेज येतं. एलएम२५९६ ची मर्यादा ४० आहे, हा टीव्हीएस ३९ च्या आत पकडतो. याच्याशिवाय जोडणी महिनोन्महिने चालते आणि एक दिवस धूर काढते.

झोपेचा हिशेब: न झोपवलेली जोडणी १२ व्होल्टच्या बाजूला ६० मिलिअँपिअर ओढते असं धरा. दिवसाला १.४४ अँपिअर-तास. कारची ३५ ची बॅटरी बारा दिवसांत निम्मी. दुचाकीची ९ ची तर तीनच दिवसांत. म्हणून इग्निशन बंद झाल्यावर पाच मिनिटांनी मॉडेम आणि जीपीएस बंद करा, ईएसपी३२ गाढ झोपेत, आणि दर १५ मिनिटांनी एक नोंद. टोइंगची भीती असेल तर एलआयएस३डीएच हा हालचाल सेन्सर जोडून त्याच्या इशाऱ्यावर उठवा.

बॅकअपला १८६५० सेल लावणार असाल तर डॅशबोर्डमध्ये नको. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर जातो आणि लिथियम सेल ४५ च्या वर चार्ज करायचा नसतो. सीटखाली ठेवा.

टुरिस्टवाला
मोबाइलवरून इंजिन बंद करता येईल का? चोरीसाठी.

सोल्डरबाबा
करता येतं, पण इंधन पंप तोडू नका. चालत्या गाडीचं इंजिन घाटात बंद पडलं तर पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकचा बूस्टरही. स्टार्टरची कंट्रोल वायर तोडा, म्हणजे चालू गाडी चालूच राहते आणि एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. पाच पिनांचा रिले, वायर ३० आणि ८७ए मधून. अशाने ट्रॅकर मेला तरी गाडी सुरू होते. कॉइलच्या ८५-८६ वर १एन४००७ उलटा डायोड लावायचा.

भोसरीकर
सगळ्यांचे आभार. कपॅसिटर आणि जाड वायरने रीस्टार्ट थांबला, मॉडेम ए७६७०सी मागवलाय. नवीन प्रश्न: इग्निशनसाठी १०० किलोओहम आणि २२ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी) लावलाय. इंजिन सुरू असताना पिन बरोबर हाय वाचते. किल्ली फक्त ऑन केली की लो. वायर चुकीची आहे का?

घाटमाथा
वायर बरोबर आहे, गणित बघा. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट, पिनवर २.५६. नुसती किल्ली ऑन असताना १२.२, पिनवर २.२. ईएसपी३२ ला डिजिटल हाय समजायला पुरवठ्याच्या ७५ टक्के लागतात, म्हणजे २.४८. त्याच्या खाली तो वाटेल ते वाचेल. ३४ किंवा ३५ नंबरच्या पिनवर अॅनालॉग वाचा आणि १.५ व्होल्टच्या वर असेल तर इग्निशन चालू धरा. स्टार्टर मारताना व्होल्टेज क्षणभर ८ पर्यंत पडतं, म्हणून सलग दोन सेकंद खाली राहिलं तरच बंद माना, नाहीतर प्रत्येक स्टार्टला एक खोटी ट्रिप तयार होईल. पिनवर ०.१ मायक्रोफॅरड अर्थला.

मोशीवाला
हीच जोडणी २४ व्होल्टच्या ट्रकवर?

घाटमाथा
जशीच्या तशी नाही. चार्जिंगला २८.८ येतात, त्या डिव्हायडरवर पिनला ५.२ व्होल्ट बसतील आणि ईएसपी३२ जाईल. वरचा रेझिस्टर १०० ऐवजी २२० किलोओहम करा, २.६ येतील. किल्ली ऑनची मर्यादा तीच १.५ ठेवली तरी चालते. एसएमबीजे२४ए च्या जागी ३३ए, आणि तो ५३ व्होल्टपर्यंत जाऊ देतो म्हणून बकही ६० व्होल्टचा एलएम२५९६एचव्ही घ्या. दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट काढायचा मोह टाळा. एकच बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते आणि जोडी लवकर बिघडते. फ्यूज २ अँपिअरचाच राहू दे.